सात अंशांचा कल

खुर्चीत बसल्यावर इरावती मोघेने नेहमीप्रमाणे आधी उजवीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. दोन वर्षांपासून नव्हतं. फरशीवर चाकांचे घासलेले वळसे तेवढे राहिले होते. एकच माणूस अकरा वर्षं एकाच जागी खुर्ची मागे-पुढे सरकवत राहिला की पडतात तसे. सफाईच्या बायकांनी दोनदा ते घासून काढायचा प्रयत्न केला, तेव्हा लक्षात आलं की ते डाग नाहीत, फरशीच तेवढी झिजली आहे.

तिने हेडफोन चढवला, कार्ड टेकवलं. पडद्याने तिचे डोळे ओळखले आणि आकाश उजळलं.

विमानांचं नियंत्रण म्हटलं की लोकांना विमानतळावरचा काचेचा मनोरा आठवतो. पण उंचावरून जाणाऱ्या विमानांना वाट दाखवणाऱ्यांना काचेचा काही उपयोग नसतो. रडारची माहिती केबलमधून येते, आवाज उपग्रहावरून येतो. त्यामुळे हे केंद्र चांदवडच्या पुढे, सातमाळा डोंगररांगेच्या उतारावर, कांदाचाळींच्या पलीकडे उभं होतं. बुटकी, बिनखिडक्यांची इमारत. इरावतीच्या ताब्यात होता विभाग सात, म्हणजे साधारण जालन्यापासून नांदेडच्या पुढपर्यंतचं आकाश. एका पाळीत ती सव्वाशे विमानांशी बोलायची. प्रत्येकाला निरोप देताना "शुभ दिवस" म्हणायची. त्यातलं कोणीही तिला ओळखत नव्हतं, आणि पाळी संपल्यावर बोलायला तिच्याकडे फारसं कोणी उरत नव्हतं.

पावणेआठच्या सुमाराला पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एका विमानाचं नाव-उंचीचं लेबल किंचित तिरकं झालं. अगदी थोडं, भिंतीवरची तसबीर हलावी इतकं.

"हो सर, बघितलं," इरावती पुटपुटली आणि तिने त्या लेबलवर नजर टाकली. वावगं काहीच नव्हतं. लेबल सरळ झालं.

मागून खाकरल्याचा आवाज आला.

"सर कोण, मॅडम?"

दारात पाठीवर बॅग, हातात चहाचा कागदी कप घेऊन एक मुलगा उभा होता. तिने भुवया उंचावल्यावर त्याने घाईघाईने ओळख सांगितली. अन्वय कुलथे. पडदा बनवणाऱ्या गटातला. नवी आवृत्ती पुढच्या सोमवारी बसवायची होती, त्यासाठी तो आठवडाभर इथेच असणार होता.

"चहा बाहेर ठेवून ये," ती म्हणाली. "आणि पाळी चालू असताना माझ्या मागे उभं राहायचं नाही. बाजूला बस."

"कशावर?"

इरावतीने पुन्हा उजवीकडे पाहिलं. "बरोबर आहे," ती म्हणाली. "एक वाजता उपाहारगृहात भेट."

*

उपाहारगृहात तिने डबा उघडला. अन्वयने लॅपटॉप उघडला. मेथीची भाजी पुढे सरकवत ती म्हणाली, "आधी खा. आणि मला काहीच माहीत नाही असं समजून सांग. तुझ्या गटातले लोक आले की अर्धं सांगतात आणि अर्धं गृहीत धरतात."

अन्वयला समजावून सांगायला आवडतं, हे लगेचच कळलं. त्याने हात लांब करून अंगठा समोर धरला.

"डोळ्याला स्पष्ट दिसतं ते फक्त या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतलं. बाकी सगळं धूसर. ते धूसर आहे हेही आपल्याला कळत नाही, कारण डोळा सेकंदाला तीनदा उडी मारतो आणि मेंदू ते तुकडे जोडून अख्खं चित्र उभं करतो. जुन्या पडद्यावर चाळीस विमानं असायची, सगळी सारख्याच तेजाची. नजर कुठे न्यायची हे तुमचं तुम्ही ठरवायचं. हो ना?"

"हो. आणि शेजारचा माणूस."

"त्याच्याकडे येतो. आम्ही पडद्याखाली कॅमेरे बसवले. नजर कुठे आहे ते सेकंदाला एकशेवीस वेळा नोंदवायचे. दोन वर्षं अनुभवी नियंत्रकांच्या नजरा गोळा केल्या, शिवाय त्यांच्या हाताचा प्रत्येक स्पर्श. त्यावरून आमचं 'अवधान' नावाचं मॉडेल शिकलं की चांगला नियंत्रक कुठल्या विमानाकडे कधी बघतो. आता ज्याच्याकडे बघायला हवं ते लेबल उजळतं, ज्याची गरज नाही ते विझत जातं. दोन विमानं धोक्याइतकी जवळ येत असतील तर तांबडी होतात, पण ते शिकलेलं नाही, ते सरळ गणित आहे. आणि दर आठवड्याला मॉडेल तुमच्या एकटीच्या नजरेला बेतून घेतलं जातं. चष्म्याचा नंबर काढतात ना, तसं."

हे सगळं इरावतीला पाठ होतं. त्या दोन वर्षांत ज्यांच्या नजरा गोळा झाल्या त्यांत तिचे डोळे होते, आणि शेजारच्या भास्कर दाभाड्यांचे.

"आता हे बघा," अन्वयने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "काही लेबलं तिरकी होतात. सुरुवातीला बरोबर सात अंश. कोणी तसं सांगितलेलं नाही, मॉडेल आपलं आपणच करतं. आम्ही तपासलं. तिरक्या झालेल्या विमानांना पुढे काही अडचण आली का? नाही. ती एकमेकांच्या जवळ होती का? नाही. उंची, वेग, हवामान, कशाशीच ताळमेळ नाही. म्हणून नव्या आवृत्तीत ते काढून टाकतोय."

इरावतीचा घास हातातच राहिला.

"ते दाभाडे सरांचं आहे," ती म्हणाली.

मग तिने त्याला पट्ट्यांबद्दल सांगितलं. पूर्वी प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असे, प्लॅस्टिकच्या पकडीत बसवलेली. समोरच्या उतरत्या फळीवर त्या एकाखाली एक लावायच्या. कशावर लक्ष ठेवायचं असेल तर पट्टी रांगेतून जराशी तिरकी करून ठेवायची. जगभरचे नियंत्रक हे करत. पट्ट्या पडद्यावर आल्या तेव्हाही जुन्या लोकांनी भांडून ती सोय ठेवून घेतली, बोटाने ढकलली की पट्टी तिरकी व्हायची. दाभाडे सर शेजारी बसून दिवसभर पट्ट्या तिरक्या करत. तोंडाने एक अक्षर बोलत नसत. कागदाच्या काळात प्लॅस्टिकचा 'टक्' असा आवाज यायचा. इरावती बघायची, मान हलवायची, की पट्टी पुन्हा सरळ. अकरा वर्षं.

"पण ते कुठल्या पट्ट्या तिरक्या करायचे? कशावरून?" अन्वयने विचारलं.

अकरा वर्षांत इरावतीने हे कधी विचारलंच नव्हतं.

"अनुभव," ती म्हणाली, आणि स्वतःलाच ते उत्तर पोकळ वाटलं.

"तसंही ते आपोआप जातंच आहे." अन्वयने एक उतरती रेघ दाखवली. "दुसरी खुर्ची काढली तेव्हा पाळीला चाळीस वेळा. वर्षापूर्वी सतरा. गेल्या महिन्यात तीन. आज एकदाच, ते मी पाहिलं. कलसुद्धा सातावरून तीन अंशांवर आलाय. मॉडेल आता फक्त तुमच्यावरून शिकतंय ना. तुमच्या शेजारी कोणी पट्टी तिरकी करत नाही, मग ते विसरतंय." त्याने लॅपटॉप मिटला. "शुक्रवारपर्यंत तुमची सही हवी. विभाग सातचा अहवाल चांगला आहे म्हणून हीच रचना आणखी बारा केंद्रांत जाणार आहे. सगळीकडे एकच खुर्ची."

*

अशी सही तिने पूर्वीही एकदा केली होती. चाचणीच्या शेवटी, एका माणसाने विभाग सांभाळता येतो का, या प्रश्नावर. त्या महिन्यात सगळी मोजमापं चोख आली होती. इरावतीने प्रामाणिकपणे जे दिसलं ते लिहिलं: 'दुसऱ्या नियंत्रकाचे योगदान मोजता येण्याजोगे आढळले नाही.'

दाभाड्यांना निवृत्तीला अजून तीन वर्षं होती. त्यांना कागदपत्रांच्या विभागात बदली देऊ केली, त्यांनी राजीनामा दिला. निरोप समारंभाला ते आलेच नाहीत. देवरुखला आपल्या गावी निघून गेले. इरावतीने दोनदा फोन केला, तो वाजत राहिला. मग तिने करणं सोडलं. पडद्यावर अधूनमधून लेबल तिरकं व्हायचं तेवढाच काय तो संबंध उरला होता. तो संबंध नाही, हे तिला कळत होतं. ते यंत्र होतं. तरी ती "हो सर" म्हणायची.

मंगळवारी एकही लेबल तिरकं झालं नाही. सहा तास ती कामापेक्षा त्याचीच वाट बघत होती, आणि हे लक्षात आल्यावर तिला स्वतःची शरम वाटली. घरी जाऊन तिने दाभाड्यांचा नंबर काढला, बघत बसली, आणि फोन उपडा ठेवून दिला.

*

बुधवारी अकराच्या सुमाराला विभागात एकोणतीस विमानं होती. दक्षिणेला ढगांची मोठी फळी आल्यामुळे निम्मी विमानं वाट बदलून मागत होती. इरावती एकेकाला वळवत होती, उंची देत होती. 'अवधान' तिच्या पुढे अर्धं पाऊल चालत होतं. तिला जे लेबल हवं ते आधीच उजळलेलं असायचं. असे क्षण तिला आवडत. त्यात एकटेपणाला जागा नसायची.

मध्येच नजरेच्या कडेला काहीतरी बोचलं.

तिने पाहिलं. वर डावीकडे, जवळजवळ विझलेलं एक लेबल. मेघ-तीन. ढगांचे नमुने गोळा करणारं संशोधन संस्थेचं छोटं विमान, एकच वैमानिक असलेलं. रोज सकाळी यायचं, नेमून दिलेल्या मोकळ्या पट्ट्यात आयताकार चकरा मारायचं आणि दुपारी परत जायचं. त्या पट्ट्यात दुसरं कोणी शिरत नसे. वर्षभरात त्याच्याकडून एकदाही काही अडचण आली नव्हती. त्याचं लेबल किंचित तिरकं होतं.

तिने बोट ठेवल्यावर मागचा मार्ग उमटला. रोजच्या चकरा, आणि मग एक सरळ रेघ. जिथे वळायचं तिथे मेघ-तीन वळलं नव्हतं. ते आठ मिनिटं पूर्वेला नाकासमोर चाललं होतं. वाटेत कोणी नव्हतं, म्हणून गणिताला धोका दिसला नव्हता. आखलेली वाट नव्हती, म्हणून वाट चुकल्याची खूणही नव्हती.

"मेघ-तीन, आपला पुढचा बेत सांगा."

उत्तर नाही.

"मेघ-तीन, मेघ-तीन, ऐकू येतंय का?"

बऱ्याच वेळाने आवाज आला. संथ, आनंदी. "येतंय की. सगळं छान आहे. ढग फार सुंदर दिसताहेत."

बावीस हजार फुटांवर हवा इतकी विरळ असते की त्या छोट्या विमानात मुखवट्यातून प्राणवायू घ्यावा लागतो. तो कमी पडू लागला तर माणूस गुदमरत नाही, हीच त्यातली मेख. त्याला बरं वाटतं. हलकं वाटतं. आपलं काही चुकतंय हे ओळखणारा मेंदूचा भागच आधी मंद होतो. मग पाच-दहा मिनिटांत शुद्ध जाते, आणि स्वयंचलित यंत्रणा विमानाला इंधन संपेपर्यंत सरळ नेत राहते.

"मेघ-तीन, दहा हजार फुटांपर्यंत खाली या. आत्ता."

"कशाला? छान आहे इथे."

त्याच्या खाली अठरा हजारांवर एक मालवाहू विमान येत होतं. तिने त्याला एका दमात डावीकडे वळवलं. मग नियमाची भाषा सोडून ती मराठीत ओरडली.

"अहो, ऐका माझं! उजव्या हाताने दांडा पुढे ढकला. पुढे. ढकललात? आता मुखवट्याची नळी हाताने चाचपा. बघू नका, चाचपा. कुठे सैल आहे?"

नुसता श्वासाचा आवाज. एकवीस हजार आठशे. एकवीस हजार चारशे.

"ढकलत राहा. माझ्याशी बोला. नाव काय तुमचं?"

"नाव..." आवाज गोंधळला. "थांबा हं. आहे मला नाव."

वीस हजार. सतरा. चौदा हजारांवर त्या आवाजात पहिल्यांदा भीती आली, आणि इरावतीला इतका आनंद क्वचितच झाला होता.

"नळी निघाली होती," तो म्हणाला. "माझं नाव संग्राम पाचपुते. मॅडम, मी किती वेळ असा होतो?"

"नांदेडला उतरा," ती म्हणाली. "मग बोलू."

तो उतरला. पण बोलणं झालं नाही, नांदेड तिच्या वारंवारतेवर नव्हतं.

*

दुपारी अन्वयने सकाळची नोंद लावली. पडद्याच्या चित्रावर निळ्या धाग्यासारखी तिची नजर फिरत होती. ढगांच्या फळीभोवती धागा गुंतत, सुटत होता. वरच्या डाव्या कोपऱ्यात तो एकदाही गेला नव्हता.

"अकरा मिनिटं," अन्वय हळूच म्हणाला.

"अवधानने ते विझवलं कसं?"

"तुम्ही वर्षभर त्याच्याकडे फारसं बघत नव्हता. त्यावरून मॉडेल शिकलं की त्याच्याकडे बघायची गरज नाही. मग ते मंद केलं. मंद झालं म्हणून तुम्ही आणखी कमी बघितलं." त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "मॅडम, आम्हाला वाटत होतं तुमच्याबरोबर दुसरे डोळे आहेत. पण ते तुमचेच आहेत. तुमची चूक आणि त्याची चूक एकच."

इरावती त्या निळ्या धाग्याकडे बघत राहिली. दोन वर्षं ती त्या खोलीत एकटी बसली होती, आणि समोरच्या पडद्यातही दुसरं कोणी नव्हतं.

"मग ते तिरकं का झालं?"

"तेच कळत नाही. झालं म्हणून तुम्हाला दिसलं, हे नक्की. कडेच्या नजरेला अक्षरं वाचता येत नाहीत, पण सरळ रेघांमधली एक तिरकी रेघ लगेच कळते. पण याच विमानाचं का? मॉडेलला प्राणवायूचं काय माहीत?"

ती उठून बाहेर आली. कांदाचाळीच्या सावलीत उभी राहिली आणि या वेळी फोन उपडा ठेवला नाही.

फोन दाभाडे काकूंनी उचलला.

"इरावती? अगं, किती दिवसांनी! आहेत ना, हे काय, पडवीत आंबे पुसताहेत. अहो, इरावतीचा फोन!" मग फोनवर हात ठेवून झालेली कुजबुज. मग पावलं.

"बोल." दाभाड्यांचा आवाज होता तसाच, खरखरीत.

"सर, कसे आहात?"

"मोजता येण्याजोगा नाही."

तिने डोळे मिटले. ते वाक्य त्यांना पाठ होतं तर.

"मला एकच विचारायचंय, सर. पट्ट्या तिरक्या करायचात, त्या कशावरून?"

दाभाडे हसले, पण त्यात गंमत नव्हती.

"अकरा वर्षं शेजारी बसलीस आणि आज विचारतेस? मला वाटलं, तुला माहीत आहे."

"मला वाटायचं तुम्हाला विमानांचा अंदाज येतो."

"कसला अंदाज? मी काय ज्योतिषी आहे? विमानं तू बघत होतीस की. चांगली बघत होतीस. दोघांनी तेच बघून काय उपयोग? मी तुला बघत होतो, इरावती. तू कुठे बघत नाहीस ते. दीड-दोन मिनिटं एखाद्या पट्टीकडे तुझं लक्ष गेलं नाही, की मी ती तिरकी करायचो. तू मान हलवलीस, की सरळ. त्या विमानात काही असो वा नसो. दहातल्या नऊ वेळा काही नसायचंच."

कांदाचाळीवरून वारा आला.

"आज दहावी वेळ होती," ती म्हणाली, आणि मेघ-तीनची सगळी हकिकत तिने सांगितली. सांगून झाल्यावर म्हणाली, "सर, माझं चुकलं. परत याल का?"

"नाही गं. डोळ्यांना काचबिंदू झालाय. आता मला कडेचं दिसत नाही." आवाज जरा मऊ झाला. "वाचला ना तो पोरगा? झालं तर मग. ठेवतो. आंबे तसेच पडलेत."

*

गुरुवारी दुपारी अन्वय जवळजवळ धावतच आला.

"आम्ही सगळं विमानांशी ताडून पाहत होतो! तुमच्याशी ताडून पाहिलंच नव्हतं. पहिल्या महिन्यात तिरकी झालेली सगळी लेबलं काढली. शंभरातली ब्याण्णव अशी, की तुमची नजर नव्वद सेकंदांत तिथे गेलेली नव्हती. इतका स्वच्छ संबंध मी आयुष्यात पाहिला नाही, मॅडम." तो उत्साहाने बोलत होता, मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प झाला.

"म्हणजे मोजता येतं," इरावती म्हणाली.

"हो."

"मग शेजारी घड्याळ लावलं तर? नव्वद सेकंद झाले की तिरकं कर."

"लावता येईल. पण दोन महिन्यांत तुम्हाला त्याची सवय होईल, तुम्ही बघितल्यासारखं कराल आणि घड्याळ फसेल. माणूस फसत नाही असं नाही. पण त्याची फसण्याची तऱ्हा तुमच्यापेक्षा वेगळी असते. तेच तर हवंय."

शुक्रवारी सहीचा कागद समोर आला. इरावतीने सहीच्या जागी रेघ मारली आणि खाली हाताने लिहिलं: 'माझा दोन वर्षांपूर्वीचा अहवाल मी मागे घेते. दुसऱ्या नियंत्रकाचे योगदान मोजता येते. मी ते विमानांवर मोजले. ते माझ्यावर मोजायला हवे होते. बुधवारी अकरा मिनिटे एक विमान माझ्या नजरेत नव्हते. सोबत नोंद जोडली आहे. एक खुर्ची पुरेशी नाही.'

अन्वयने ते दोनदा वाचलं. "हे पाठवलंत तर बारा केंद्रांचं काम थांबेल. ठीक आहे, थांबू दे. पण चौकशी होईपर्यंत तुमचा परवानाही थांबेल. दुसरा माणूस तयार व्हायला चौदा महिने लागतात. तोवर विभाग सात शेजारच्या केंद्राकडे जाईल. तुम्ही काय करणार?"

"तो दुसरा माणूस तयार करणार," ती म्हणाली. "करू दिलं तर."

"त्याला काय शिकवणार?"

"माझ्याकडे बघायला."

कागद पाठवण्याआधी तिने त्याचा फोटो काढून देवरुखला पाठवला. थोड्या वेळाने त्याखाली दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

*

पुढच्या गुरुवारी एक वाजता तिने शेवटच्या विमानाला शेजारच्या केंद्राची वारंवारता दिली. "शुभ दिवस," वैमानिक म्हणाला. "शुभ दिवस," ती म्हणाली, आणि विभाग सातमध्ये कोणी उरलं नाही. तिने हेडफोन काढून खुंटीला लावला.

चाचणीच्या खोलीत अन्वय बॅग आवरत होता.

"तुमच्यासाठी एक ठेवलंय," तो म्हणाला. "दुसरी खुर्ची काढली त्या आठवड्याचं मॉडेल. अजून काही विसरलेलं नव्हतं तेव्हाचं. समोर जुनं, साठवलेलं आकाश आहे, खरी विमानं नाहीत. हवा तेवढा वेळ बसा. माझी बस दोनची आहे."

"नीट जा. आणि डबा ने, बसमध्ये खायला."

तो गेल्यावर ती पडद्यासमोर बसली. एकोणीस विमानं होती. दोन वर्षांपूर्वीचा एक साधा, निरभ्र दिवस. सगळी आपापल्या वाटेने कुठेतरी पोचून केव्हाच विसरली गेलेली.

तिने डोळे मिटले आणि मोजायला सुरुवात केली. खोलीत वातानुकूलन यंत्राची घरघर होती. तीसपर्यंत ती सावकाश गेली. साठला तिला प्लॅस्टिकचा 'टक्' ऐकू आल्यासारखं वाटलं, पण या यंत्राला आवाज नव्हता. नव्वद झाले. तिने आणखी थोडा वेळ जाऊ दिला.

डोळे उघडले तेव्हा पडद्यावरची एकोणीसच्या एकोणीस लेबलं तिरकी झाली होती. सात-सात अंश, सगळी तिच्याच बाजूला कललेली.

ती एकेका लेबलवर नजर नेत, घाई न करता, म्हणत गेली, "बघितलं, सर. बघितलं." आणि ज्याच्याकडे ती बघे ते लेबल सरळ होत गेलं, शेवटचं एक उरेपर्यंत.

त्या एकाकडे तिने लगेच पाहिलं नाही.